पाठांतर फास्ट कसं करायचं? नाशिकचा दंडक्रम, डोक्यातला नकाशा आणि अँकी ॲप

'पुढचं पाठ, मागचं सपाट' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ती अनुभवलीसुद्धा आहे. बारावी असो, सीईटी असो, नीट असो किंवा एमपीएससी, सगळ्यांची तक्रार एकच: "वाचतो तेव्हा सगळं येतं, पेपर समोर आला की काहीच आठवत नाही." मग आपण यूट्यूबवर 'जलद पाठांतर' शोधतो आणि समोर येतात 'फोटोग्राफिक मेमरी'चे कोर्स, ब्रेन टॉनिक आणि '५ मिनिटांत १०० शब्द' वाले व्हिडिओ.

आज आपण त्या भानगडीत न पडता तीन गोष्टी नीट समजून घेणार आहोत. एक, पाठांतर फास्ट होतं म्हणजे नक्की काय होतं. दोन, कोणत्या युक्त्या खरंच काम करतात आणि का. तीन, हातातला स्मार्टफोन यासाठी फुकटात कसा वापरायचा. आणि याची सुरुवात नाशिकपासूनच करू, कारण पाठांतराच्या बाबतीत नाशिकचं नाव अलीकडेच देशभर पोहोचलं होतं.

आधी 'फास्ट' म्हणजे काय ते ठरवू

समजा राहुलने एक धडा २० मिनिटांत पाठ केला आणि नेहाने ४० मिनिटांत. फास्ट कोण? आपण पटकन म्हणू, राहुल. पण आठ दिवसांनी राहुलला तो पुन्हा पहिल्यापासून पाठ करावा लागला आणि नेहाला पाच मिनिटांची उजळणी पुरली, तर? परीक्षेपर्यंत राहुल तोच धडा चार वेळा पाठ करणार. एकूण वेळ मोजला तर नेहाच पुढे.

म्हणजे खरा वेळ पाठ करण्यात जात नाही, तो जातो विसरलेलं पुन्हा पाठ करण्यात. विसरणं कमी झालं की पाठांतराचा वेग आपोआप वाढतो.

हे मोजून दाखवणारा पहिला माणूस म्हणजे जर्मनीचा हर्मन एबिंगहाउस. त्याने काहीच अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजलं. १८८५ साली त्याने हे निष्कर्ष छापले. पहिल्या मेहनतीचा निम्म्याहून जास्त फायदा एका तासातच निघून गेला होता. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावत गेला. एका दिवसानंतर आणि सहा दिवसांनंतर यातला फरक बराच कमी होता.

याचा सरळ अर्थ असा की विसरणं म्हणजे तुमची बुद्धी कमी असणं नाही. सगळ्यांचाच मेंदू असा चालतो. प्रश्न फक्त एवढाच की ती गळती कशी थांबवायची.

नाशिक आणि दंडक्रम

२०२५ च्या शेवटी एक बातमी तुम्ही पाहिली असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं 'दंडक्रम पारायण' पूर्ण केलं. सुमारे २००० मंत्र, ५० दिवस, समोर पुस्तक नाही. त्याच बातम्यांमध्ये आणखी एक उल्लेख होता: असं पारायण याआधी सुमारे २०० वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केलं होतं.

तुमची श्रद्धा असो वा नसो, अभ्यास करणाऱ्या माणसाने यातलं तंत्र जरूर समजून घ्यावं. कारण छपाई नाही, फोन नाही, बॅकअप नाही, अशा काळात शब्दच नाही तर उच्चारसुद्धा जसेच्या तसे पुढच्या पिढीकडे पोहोचवायची ही पद्धत आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही २००८ साली वेदपठणाची परंपरा आली.

पाठशाळेत गुरूंकडून संथा घ्यायची, म्हणजे गुरू म्हणतील तसं मागून म्हणायचं. त्यानंतर तोच मंत्र वेगवेगळ्या क्रमाने म्हणायचा. एका ओळीत चार शब्द आहेत असं समजा आणि त्यांना १, २, ३, ४ म्हणू.

- पदपाठ: १ / २ / ३ / ४ (एकेक शब्द सुटा)
- क्रमपाठ: १-२, २-३, ३-४
- जटापाठ: १-२, २-१, १-२, मग २-३, ३-२, २-३
- घनपाठ: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३, आणि असंच पुढे
- दंडक्रम: १-२, २-१, मग १-२, २-३, ३-२-१, मग १-२, २-३, ३-४, ४-३-२-१

दंडक्रमात काय होतंय बघा. दरवेळी सुरुवातीपासून एक पाऊल जास्त पुढे जायचं आणि मग तिथून उलटं परत यायचं. ओळ जितकी लांब, तितका परतीचा प्रवास लांब. अशा एकूण आठ विकृती सांगितल्या जातात: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन.

आता विचार करा, एवढा खटाटोप कशासाठी? नुसतं शंभर वेळा म्हटलं असतं तरी पाठ झालं असतं की! पण नुसतं म्हणताना जीभ चालते आणि डोकं झोपतं. पाढे म्हणताना आपलंही तसंच होतं. 'सात सक्कं' लगेच सांगता येत नाही, 'सात एके सात' पासून गाडी सुरू करावी लागते. उलट म्हणायला लागलं की ही चाल मोडते. प्रत्येक शब्द वेगळा आठवावा लागतो, त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्द पक्का होतो आणि कुठे चूक असेल तर ती तिथल्या तिथे उघडी पडते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. हे शिक्षण शेकडो वर्षं ठरावीक घरांतल्या मुलांपुरतंच होतं. मुली आणि बहुसंख्य समाज त्या दाराबाहेर होता. पण तंत्र कुणाच्या मालकीचं नसतं. ते फिजिक्सच्या व्याख्येला लागू पडतं आणि पोलीस भरतीच्या जीकेलाही.

दंडक्रमाची अभ्यासाला लागणारी सोपी आवृत्ती

आपल्याला उलटे शब्द म्हणायची गरज नाही, तुकडे पुरेत. न्यूटनचा दुसरा नियम घेऊ आणि त्याचे चार तुकडे करू:

१. संवेगात होणाऱ्या बदलाचा दर
२. लावलेल्या बलाशी समानुपाती असतो
३. आणि तो बदल
४. बलाच्याच दिशेने होतो

आता असं करा:

- एकदा अर्थ समजून वाचा. इथे बल दुप्पट केलं तर बदलाचा दर दुप्पट होतो, एवढं कळलं पाहिजे. न कळलेलं पाठ करू नका.
- पुस्तक बंद करून १-२ म्हणा, मग २-३, मग ३-४.
- आता मागून विचारा: '४ च्या आधी काय होतं?' '३ च्या आधी?'
- शेवटी पूर्ण नियम एकदा सलग म्हणा आणि पुस्तक उघडून तपासा.

दोन-तीन मिनिटांचं काम आहे. फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवून म्हणा आणि मग पुस्तक समोर ठेवून ऐका. गुरुजी जी चूक पकडत होते, ती तुमचा फोन पकडून देईल.

पुन्हा वाचणं विरुद्ध पुस्तक बंद करणं

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि त्यानंतर तीन वेळा, न बघता, जेवढं आठवेल तेवढं लिहिलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्या गटाला ७१ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता! इथेच आपण सगळे फसतो. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'ओळखीचं' म्हणजेच 'पाठ' असं वाटायला लागतं. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पेपरमध्ये पुस्तक समोर नसतं.

म्हणून नियम साधा आहे. एकदा वाचलं की पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडकलात तर लगेच बघू नका, अर्धा मिनिट डोकं खाजवा. ती अर्ध्या मिनिटाची धडपड वाया जात नाही, पाठांतर खरं तिथेच होतं.

डोक्यातला नकाशा: सीबीएस ते काळाराम मंदिर

व्याख्या आणि नियमांसाठी तुकडे ठीक. पण क्रमाने यादी लक्षात ठेवायची असेल तर? त्यासाठी 'मेमरी पॅलेस' नावाची युक्ती आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणं अशीच लक्षात ठेवायचे. ओळखीची वाट डोळ्यासमोर आणायची आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची.

हे चमत्कारी लोकांनाच जमतं असं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या तरुणांना हे तंत्र सहा आठवडे, रोज अर्धा तास शिकवलं गेलं. सुरुवातीला त्यांना ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी ३० सुद्धा आठवत नव्हते. प्रशिक्षणानंतर तो आकडा ६० च्या वर गेला.

चला, करूनच बघू. विषय आपल्या घरचा: त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी खाली जाते तेव्हा तिला क्रमाने मिळणाऱ्या आठ उपनद्या. दारणा, कादवा, प्रवरा, सिंदफणा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती.

वाट नाशिककरांच्या पायाखालची: सीबीएसवरून निघून पंचवटीपर्यंत. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तर स्वतःच्या घरापासून कॉलेजपर्यंतची वाट घ्या.

१. सीबीएस: दारणा. तुम्ही एसटीत चढताय आणि एसटीचं दारच निखळून हातात आलंय.
२. मेहेर सिग्नल: कादवा. ट्रॅफिक पोलीस प्रत्येक बाइकवाल्याला थांबवून विचारतोय, "का? दवा घेतली?"
३. अशोक स्तंभ: प्रवरा. मुंडावळ्या बांधलेला वर स्तंभाच्या अगदी वर चढून बसलाय आणि खाली वऱ्हाडी हाका मारतायत.
४. रविवार कारंजा: सिंदफणा. कारंजातून पाण्याऐवजी शेंदूर उडतोय आणि मधोमध फणा काढलेला नाग.
५. होळकर पूल: पूर्णा. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरणपोळ्या वाळत घातल्यात.
६. मालेगाव स्टँड: मांजरा. रिक्षा स्टँडवर सगळ्या रिक्षा मांजरं चालवतायत.
७. पंचवटी कारंजा: प्राणहिता. चौकात प्राणवायूचे सिलेंडर फुकट वाटतायत.
८. काळाराम मंदिर: इंद्रावती. साक्षात इंद्र ऐरावतावर बसून दर्शनाच्या रांगेत उभाय.

चित्रं वेडगळ वाटतात ना? वाटलीच पाहिजेत. रोजची साधी गोष्ट मेंदू विसरतो, विचित्र गोष्ट सहसा विसरत नाही. सकाळी पाहिलेल्या पन्नास रिक्षा तुम्हाला आठवणार नाहीत, पण मांजर चालवत असलेली एक रिक्षा जन्मभर आठवेल.

आता डोळे मिटून सीबीएसवरून चालायला लागा. एकदा सरळ आणि एकदा काळारामापासून उलटं. उलटं जमलं तर समजा यादी पक्की झाली. दंडक्रम इथेही कामाला येतो!

दोन सूचना. चित्र तुम्ही स्वतः बनवलं तर जास्त टिकतं. आणि एका वाटेवर लगेच दुसरी यादी ठेवू नका, गोंधळ होतो. घर, शाळा, आजोळ, बाजार, अशा चार-पाच वाटा तयार ठेवा.

तारखा आणि आकडे: ओळखीच्या खुंटीला टांगा

सुटी तारीख टिकत नाही. ती आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला बांधावी लागते. उदाहरण काळारामाचंच घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो २ मार्च १९३० ला. दांडी यात्रा निघाली १२ मार्च १९३० ला. महिना तोच, साल तेच, अंतर बरोबर दहा दिवसांचं. '२ आणि १२, आधी नाशिक मग दांडी' एवढं लक्षात ठेवलं की एका खुंटीवर दोन तारखा बसल्या. शिवाय १९३० च्या मार्चमध्ये देशात काय चाललं होतं, हे चित्रही डोळ्यासमोर येतं.

उजळणी कधी करायची? इथे फोन कामाला लावा

जुन्या घरांमध्ये संध्याकाळी परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी रोज एकदा तोंडाखालून जायचीच. पद्धत चांगली होती, पण एक अडचण होती: येणारं आणि न येणारं, दोन्हीला सारखाच वेळ द्यावा लागायचा.

त्यावर १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने खोक्यांची पद्धत मांडली. प्रश्न-उत्तरांच्या चिठ्ठ्या करायच्या. उत्तर आलं तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, म्हणजे तिची पाळी उशिरा. चुकलं तर परत पहिल्या खोक्यात. १९८७ साली पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक याने हेच काम कॉम्प्युटर प्रोग्रॅमकडून करून घेतलं. आणि २००६ साली आलं 'अँकी'. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थच पाठांतर!

अँकी काय करतं? प्रत्येक कार्ड तुम्ही साधारण कधी विसराल याचा अंदाज बांधतं आणि त्याच सुमाराला ते समोर आणतं. जे पक्कं आहे ते महिन्याने, जे कच्चं आहे ते उद्या.

सेटअप असा करा:

१. ॲप: अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून 'अँकीड्रॉइड' घ्या. हे मोफत आणि ओपन सोर्स आहे. सारख्या नावाची दुसरी ॲप्स दिसतील, नाव नीट वाचून मगच इन्स्टॉल करा. आयफोनचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, पण 'अँकीवेब'वर मोफत खातं उघडून ब्राउझरमध्ये अभ्यास करता येतो.

२. डेक: विषयाला एक डेक. इतिहास, जीवशास्त्र, इंग्रजी शब्द. पन्नास डेक बनवत बसू नका.

३. कार्ड: एका कार्डवर एकच प्रश्न आणि छोटं उत्तर. 'गोदावरीची माहिती लिहा' हे वाईट कार्ड. 'नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला कोणती नदी मिळते?' उत्तर: कादवा. हे चांगलं कार्ड. मराठी टायपिंगचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग वापरा.

४. उत्तर: 'शो आन्सर' दाबायच्या आधी उत्तर मोठ्याने बोला. मनात 'हां, येतंय' म्हणून पुढे गेलात तर सगळा खेळ फुकट. आकृती किंवा सूत्र असेल तर अँकीड्रॉइडमधला व्हाईटबोर्ड चालू करा आणि बोटाने लिहा.

५. चार बटणं: विसरलात तर 'अगेन'. खूप वेळ लागला पण आलं तर 'हार्ड'. नीट आलं तर 'गुड'. विचार न करता आलं तर 'ईझी'. विसरलेल्या कार्डला लाजून 'हार्ड' दाबू नका. ॲपला वाटतं तुम्हाला येतंय आणि ते कार्ड लांब जातं.

६. रोजची नवी कार्डं: ॲप सुरुवातीला रोज २० नवी कार्डं देतं. डेक ऑप्शन्समध्ये जाऊन ती १० करा. आज टाकलेलं प्रत्येक कार्ड पुढे उजळणीला येत राहणार आहे. पहिल्या आठवड्यात उत्साहाने १०० टाकली की तिसऱ्या आठवड्यात ढीग बघूनच ॲप डिलीट होतं.

७. एफएसआरएस: डेक ऑप्शन्समध्येच हा पर्याय आहे. उजळणीचे दिवस ठरवायची ही नवी पद्धत, चालू करून ठेवा. 'डिझायर्ड रिटेन्शन' ९० टक्क्यांवर असतं, ते तसंच राहू द्या. ते ९७ केलं तर थोड्याशा फायद्यासाठी रोजची उजळणी खूप वाढते.

तयार डेक डाउनलोड करायचा मोह होईल. इंग्रजी शब्दांसाठी तो चालेल. पण तुमच्या धड्याची कार्डं तुम्हीच बनवा, कारण बनवतानाच निम्मं डोक्यात बसतं. एआय चॅटबॉटला नोट्स देऊन प्रश्न बनवून घेता येतात, तेही वाईट नाही. फक्त प्रत्येक उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. चुकीचं उत्तर अँकीत गेलं तर ते तुम्हाला तितकंच पक्कं पाठ होईल!

आणि हो, अभ्यासाच्या वेळी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर. एका बोटावर अँकी आणि दुसऱ्या बोटावर रील असेल तर कोण जिंकतं ते तुम्हालाही माहीत आहे. सिटीलिंकच्या बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, अशी दहा-दहा मिनिटं मिळतात, ती उजळणीला पुरतात.

कोणत्या अभ्यासाला कोणती युक्ती?

- व्याख्या, नियम, कविता: तुकडे आणि क्रमाने पुढे-मागे
- क्रमाने याद्या: डोक्यातला नकाशा
- तारखा: ओळखीच्या खुंटीला जोडणं
- इंग्रजी शब्द, सूत्रं, जीके: अँकी
- मोठी उत्तरं, संकल्पना: पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिहिणं, नाहीतर मित्राला समजावून सांगणं
- गणित: गणितं सोडवणं. इथे पाठांतराला शॉर्टकट नाही.

काय चालत नाही?

धड्याला तीन रंगांचे हायलाइटर मारणं. छान दिसतं, पण ते परत एक वाचनच. रात्रभर जागून घोकंपट्टी करणं. उद्याच्या पेपरपुरतं काही निघेल, पण दिवसभर शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतच करतो आणि आपण नेमकी तीच कापतो. आणि हजारो रुपये घेऊन 'सुपर मेमरी' देणारे कोर्स. त्यात शिकवतात ते बहुतेक वर सांगितलेलंच, म्हणजे चित्रं, वाटा आणि साखळ्या. पैसे भरण्याआधी महिनाभर हे फुकट करून बघा.

पहिल्या सात दिवसांचा प्लॅन

- दिवस १: एक धडा वाचा, पुस्तक बंद, आठवेल ते लिहा. राहिलेल्या मुद्द्यांची १० कार्डं.
- दिवस २: आधी कार्डं, मग नवा धडा.
- दिवस ३: एका यादीसाठी स्वतःची वाट तयार करा.
- दिवस ४: पहिल्या दिवसाचा धडा पुन्हा कोऱ्या कागदावर लिहा. वाचायचा नाही, आधी लिहायचा.
- दिवस ५ आणि ६: कार्डं, नवा धडा, वाट उलटी चालून बघणं.
- दिवस ७: नवीन काही नाही. सगळे धडे आणि यादी न बघता लिहा आणि किती आलं ते मोजा.

पहिले दोन-तीन दिवस हे सगळं नेहमीच्या वाचण्यापेक्षा हळू आणि कठीण वाटेल. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारेच पुढे होते, हे आठवा. तुमचा पेपर पाच मिनिटांनी नाही, काही आठवड्यांनी आहे. म्हणून सातव्या दिवसाच्या मोजणीवर विश्वास ठेवा.

जाता जाता एक छोटी परीक्षा. लेख वर न सरकवता सांगा: होळकर पुलावर काय वाळत घातलं होतं? अशोक स्तंभावर कोण चढलं होतं? प्राणहितेच्या आधी कोणती नदी? ५-४-३-२-१ असं सीबीएसपर्यंत उलटं येता येतं का? जे आलं नाही, त्या ठिकाणचं चित्र बदलून अजून विचित्र करा आणि उद्या सकाळी चहा घेताना पुन्हा एकदा ती वाट चालून बघा.